सागवानी फळीवरचं जळकं ऑइल

तेलाशी माझं वैर नाही. तीस वर्षं आळेफाट्यावर ट्रक-टेम्पोच्या पोटाखाली आडवा पडून काढली. त्या तीस वर्षांत माझ्या अंगावर इतकं ऑइल सांडलं की डास माझ्या दंडावर बसायला यायचे आणि घसरून खाली पडायचे. माझा एक सदरा तर असा होता की त्याला खुंटी लागायची नाही. काढला, कोपऱ्यात उभा केला, की सकाळपर्यंत तसाच उभा. अशा माणसाला एका डागानं सहा दिवस नाचवलं, आणि सहाव्या दिवशी मी त्या डागाला पार देशोधडीला लावलं, त्याची ही हकिकत. यातला एकही शब्द खोटा नाही. काही जरा मोठे करून लिहिले आहेत, कारण बारीक लिहिलेलं आता मलाच दिसत नाही.

मंचरला कापडाचं दुकान असलेला एक शेठ माझा शाळेतला मित्र. त्याचे पूर्वज राजस्थानातून आलेले. तिकडच्या वाळवंटात ज्यांच्या सात पिढ्यांनी गुडघाभर पाणी पाहिलं नाही, त्यांच्या वंशात या माणसाला साठीला टेकल्यावर पाण्यावरची नाव विकत घ्यायची हौस आली. कोकणातून एक जुनी मोटरबोट त्यानं ट्रेलरवर घालून घाटातून वर आणली. घोडेगावात ट्रेलर वळताना बाजार थांबला होता. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "मिस्त्री, ह्या टँकरला झाकण का न्हाई?" मग ती नाव डिंभे धरणाच्या पाण्यात उतरली.

नावेचं खालचं अंग ठणठणीत होतं, पण वरची फळी, जिच्यावर माणसं बसतात, ती कुजून भुगा झालेली. तिथं शेठनं घातल्या त्या घरच्या सागवानी फळ्या. या फळ्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. शेठच्या वडिलांचं कापडाचं दुकान तिथल्या बाजारपेठेत होतं. दुकानाची बैठक सागाच्या फळ्यांची. त्यावर गादी, गादीवर शेठचे वडील, समोर उलगडलेले ताके आणि गिऱ्हाईक. धरणाचं पाणी चढायच्या आधी भिंती तिथंच सोडून दिल्या, पण फळ्या उचकटून बैलगाडीत घातल्या. तेव्हापासून त्या मंचरच्या गोदामात रचलेल्या होत्या आणि शेठची आई, जिला शेठ 'बाई' म्हणतो आणि आम्ही 'काकू', दर दिवाळीला त्या कोरड्या फडक्यानं पुसायची. ओल्या नाही, कोरड्या. फळीवर कुणी चहाची कपबशी ठेवली तरी काकूंच्या कपाळावर आठी चढायची.

नावेसाठी त्यांनी फळ्या दिल्या त्या एका अटीवर. शेठच्या वडिलांच्या तिथीला, म्हणजे डाग पडला त्या आठवड्यातल्या रविवारी, नावेत सगळ्यात आधी त्या बसणार, त्याच फळ्यांवर बसणार, आणि जिथं दुकान होतं तिथं पाण्यावर नेऊन त्यांना थांबवायचं. काकूंचं वय पंच्याऐंशीच्या पुढं. गाव सोडल्यापासून त्या पाण्याकडं फिरकल्या नव्हत्या. शेठ नाव घेतो म्हणाला तेव्हा त्यांनी आठ दिवस तोंड फिरवलं होतं, आणि नवव्या दिवशी स्वतःच गोदामाची किल्ली त्याच्या हातात दिली होती. शेठनं मला एवढंच सांगितलं, "मिस्त्री, आयुष्यात बाईनं माझ्याकडं काही मागितलं न्हाई. हे एक मागितलंय."

आणि त्या फळ्यांवर सोमवारी दुपारी पाच लिटर जळकं ऑइल सांडलं कुणी, तर मी.

झालं असं. नावेचं इंजिन मी बसवत होतो. जुनं ऑइल काढून डबा भरला, वर फळीवर ठेवला, आणि फडकं आणायला काठावर पाय टाकला. आता आळेफाट्याच्या गॅरेजातली जमीन तीस वर्षांत माझ्या पायाखाली एकदाही हललेली नाही. तिथं डबा जिथं ठेवाल तिथं राहतो, मालक मेला तरी राहतो. नावेचं तसं नसतं हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं, पायाला नव्हतं. माझं वजन उतरलं, नाव दुसऱ्या अंगावर कलली आणि डबा आडवा. मागं वळून बघतो तर काळं ऑइल फळीवर असं पसरत होतं, जसं त्याला आंबेगाव तालुका पुरणार नव्हता आणि ते जुन्नरकडं निघालं होतं.

शेठ काठावर उभा होता. मी लगेच म्हणालो, "घाबरू नको. साग आहे हा. सागाला स्वतःचं तेल असतं, उन्हानं वर आलं थोडं."

"पाच लिटर?"

"जुना साग आहे."

शेठनं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तीस वरसं गिऱ्हाईक मला सांगतंय, शेठ, हा डाग दुकानातूनच आलाय. त्यांच्यापेक्षा तू बरं खोटं बोलशील असं वाटलं व्हतं."

मग मी कामाला लागलो. ऑइल फळीवर चोळायचं नाही, ते वर ओढून घ्यायचं, एवढी अक्कल मला होती. आधी भुसा टाकला. भुसा काळा झाला, झाडून टाकला, परत टाकला. मग घोडेगावातून मुलतानी माती आणली. दुकानदारानं विचारलं, लग्न आहे का घरी. मी म्हणालो, नवरी सागाची आहे. मातीचा दाट लेप डागावर दिला आणि उन्हात वाळू दिला. वाळताना माती तडकायची, आणि तडकताना फळीच्या शिरांतलं ऑइल वर ओढायची. मंगळवारभर असे चार लेप झाले. बुधवारी रिठ्याचं पाणी फेसाळून, नारळाच्या काथ्याच्या मऊ ब्रशानं शिरांच्या आडवं घासलं. शिरांच्या दिशेनं घासलं की मऊ लाकूड उकरून निघतं आणि फळीला नाल्या पडतात. बुधवारी दुपारी डाग इतका फिका झाला की तो बघायला आधी माहीत असावं लागत होतं. नुसती सावली. काकूंची नजर सोडली तर दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नसती.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मीही थांबलो होतो, अर्धा तास. मग मनात आलं, एवढी सावली तरी का राहावी? तीस वर्षांची कला आहे. आणि माझ्या डोक्यात आला हिरडा.

आमच्या पश्चिमेच्या डोंगरात हिरडा ढिगानं निघतो. घोडेगावच्या बाजारात पोती रचलेली असतात. आमच्याकडं पोटाची काहीही तक्रार असली की हिरडा. माणसाच्या आतडीत बसलेला मळ जो एका सकाळीत धुऊन काढतो, त्याला एक फळी कितीशी जड, असा माझा हिशेब. दोन किलो हिरडा ठेचला, डांबर उकळायच्या घमेल्यात टाकला, चुलीवर तास-दीड तास उकळला आणि ते पाणी गरम-गरम त्या सावलीवर ओतलं. वर तारेच्या ब्रशानं दोन हात मारले. संध्याकाळी घरी जाताना मी शीळ घालत होतो.

गुरुवारी सकाळी नावेवर चढलो आणि खाली बसलो. सावली गेली होती. तिच्या जागी काळा डाग होता. साधा काळा नव्हे. निळसर झाक असलेला, खोल, चकचकीत काळा. अमावस्येचा एक तुकडा कुणी कापून फळीवर डकवावा तसा. धरणाकाठचे मासेमार बघायला आले. एकानं वाकून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पावणं, हे ऑइल न्हाई. ऑइल एवढं मनापासून काळं नसतं."

शेठ आला. त्यानं गाडीतून लिंबं आणून पिळली. काळ्याचा कडेकडेनं जांभळा झाला, तेवढंच. मग तो म्हणाला, "बस गाडीत. बाईसमोर तू बोलायचं."

मी ब्रेक नसलेल्या ट्रकसमोर उभा राहिलो आहे. काकूंसमोर उभं राहणं त्यापेक्षा अवघड. मंचरच्या घराच्या ओट्यावर त्या मूग निवडत बसल्या होत्या. ताटातून नजर वर न करता म्हणाल्या, "किती मोठं झालंय?"

"परातीएवढं असंल, काकू," मी म्हणालो.

"बैलगाडीच्या चाकाएवढं," शेठ म्हणाला.

"शेठ, चाक लई मोठं असतं."

"मीटरपट्टीनं मोजून आलोय मी."

"काय लावलंस त्याला?" काकू.

"हिरडा."

"कशात उकळलास?"

"घमेल्यात."

"लोखंडाच्या?"

"गॅरेजात दुसरं काय असणार, काकू."

काकूंचा मुगावरचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागल्या. पंच्याऐंशीच्या बाईनं असं हसावं की ताटातले मूग ओट्यावर उडावेत. "अरे, शाई केलीस की तू. माझे सासरे हीच शाई करायचे. हिरडा कुटायचा न् लोखंडाच्या कढईत मुरवायचा. अर्ध्या आंबेगावाची पत्रं त्या शाईनं लिहिली जायची. सासरे चमच्या-चमच्यानं करायचे, तू घमेलंभर केलीस."

"मग आता?" शेठनं विचारलं. त्याचा आवाज कापडावरून कात्री फिरावी तसा बारीक झाला होता. "ही शाई जाते का, बाई? नाहीतर पुढच्या वर्षी जाऊ आपण."

काकूंचं हसू गेलं. "पुढच्या वर्षीचं मला कोण लिहून देतंय? अन् काळी फळी घेऊन मी त्यांच्या दुकानावर जायची न्हाई. त्या फळीवर पानाची पिंक उडाली म्हणून त्यांनी सख्ख्या साडूला उठवलं व्हतं."  मग मुगातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "नणंद लहान असताना तिनं एकदा दौत लवंडली व्हती. ह्याच फळ्यांवर. तवा सासूबाईनं आंब लावली व्हती."

हरभऱ्याची आंब. ऐकलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. थंडीत हरभरा फुलावर आला की त्याच्या पानांवर खारट-आंबट दव सुटतं. शेतात चालून आलं की पायाची कातडी चुरचुरते ती त्यामुळं. आमच्याकडं बायका संध्याकाळी पिकावर स्वच्छ पातळ कापड पसरायच्या आणि पहाटे ते भिजलेलं कापड बाटलीत पिळून घ्यायच्या. पोटदुखीवर चमचाभर द्यायच्या. आता गोळ्या आल्या, आंब काढतं कोण? पण त्या दिवसांत हरभरा घाट्यावर आला होता आणि महाळुंगे पडवळला माझं स्वतःचं अर्धा एकर हरभऱ्याचं रान दवात उभं होतं.

"आंब काचेच्या बाटलीत धरायची," काकूंनी बजावलं. "लोखंड लावशील तर परत शाई होईल. अन् पहाटं कापड पिळायच्या आधी झटकायचं. अळी, मुंगी, काय असंल ते आधी पानावर ठेवायचं. जिवाचं पिळलेलं माझ्या फळीवर चालायचं न्हाई."

शेठनं दुकानातून मलमलीचा आख्खा ताका गाडीत टाकला. घरी पोचलो आणि मंडळींना सगळं सांगितलं. आमची मंडळी शेती बघते, मी गॅरेज बघत आलो, असा आमचा तीस वर्षांचा करार. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तीस वरसं तुमचे तेलकट कपडे मी धुतले. एक डाग काढायला तुमी हात लावला न्हाई. अन् आता पाण्यावरच्या लाकडासाठी पाटं उठणार व्हय?"

"शेठची आई बसणार आहे त्यावर."

"मग आधी सांगायचं की," ती म्हणाली आणि मलमलीचं टोक धरून रानात उतरली.

शुक्रवारी पहाटे अंधुक उजेडात आम्ही तिघं पिळत होतो. घाटेअळी, जिला मारायला मी आयुष्यभर फवारे मारले, जिच्या खानदानाचा मी शपथ घेतलेला वैरी, तिला त्या दिवशी मी दोन बोटांत अलगद उचलून पानावर ठेवत होतो. एक अळी माझ्याकडं अशी बघत होती की तिला वाटलं असावं, हा माणूस बरा झाला की आजारी पडला. शेठच्या बोटांना जिथं कापडाच्या कडेनं चिरलं होतं तिथं आंब झोंबायची, तरी तो पिळत राहिला. चार बाटल्या भरल्या.

बारा वाजता आम्ही नावेवर. लोखंडाचं सगळं, अगदी माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगासुद्धा, काठावर ठेवून चढलो. बांबूच्या काठीला चिंधी गुंडाळली, आंबेत बुडवली आणि डागावर फिरवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग काळ्याची कड तपकिरी झाली. मग राखाडी. मग त्या राखाडीतून लाकूड वर यायला लागलं, जसं धुक्यातून डोंगर येतो. साफ पाण्यानं धुतलं, परत आंब, परत पाणी. तिसऱ्या हाताला काळं गेलं. जाताना ते खालची तेलाची सावलीही घेऊन गेलं. खाली सागवान मधासारखा पिवळा.

मी उभा राहून आरोळी ठोकणार होतो. शेठनं माझा हात धरला. "बाकीची फळी बघ."

बाकीची फळी चाळीस वर्षांच्या धुळीनं आणि गादीखालच्या अंधारानं काळपट तपकिरी झालेली. आणि मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढा लख्ख पिवळा गोल. काठावरच्या त्या मासेमारानं लांबूनच विचारलं, "पावणं, दिवा लावला का काय नावेत?"

"सकाळी काळा डाग व्हता," शेठ म्हणाला. "आता पिवळा हाय. उद्या शनिवार. परवा बाई येणार."

सगळी फळी धुवायची तर माझ्या अर्ध्या एकराची आंब कुठवर पुरणार? मंडळींना फोन लावला. ती म्हणाली, "गावात काय आपलाच हरभरा हाय का? मागा की."

आता गावाला नुसतं मागितलं असतं तर गावानं दिलं असतं, पण विचारत विचारत दिलं असतं, आणि उजाडून दव उडून गेलं असतं. मी तसा मागणारा नाही. संध्याकाळी मी खालच्या आळीतल्या चहाच्या टपरीवर बसलो, बाटलीत उरलेली आंब जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि कुणाकडंही न बघता म्हणालो, "वरच्या आळीची आंब काय जहाल आहे, राव. खालच्या आळीची काळी जमीन, हरभरा गोडच असणार. त्याला आंब कुठली?"

खालच्या आळीचा एक जण कपबशी ठेवून वळला. "कोण म्हणतंय?"

"मी कुठं म्हणतोय? वरच्या आळीतलेच म्हणत होते."

"त्यांना म्हणावं उद्या पाटं या. माझ्या हरभऱ्याची आंब जिभेवर ठिवली तर जीभ परत द्यायची न्हाई."

मग मी वरच्या आळीच्या टपरीवर गेलो आणि तिथं काळ्या जमिनीच्या आंबेचं कौतुक केलं. अर्ध्या तासात दोन्ही आळ्यांनी मलमल मागितली. शेठनं आणखी सहा ताके आणले. त्याच्या मुलानं मंचरहून फोन करून विचारलं, कुणाचं लग्न आहे. शेठ म्हणाला, "हरभऱ्याचं."

शनिवारच्या पहाटे महाळुंगे पडवळचं रान मी असं बघितलं की बघणारा मी एकटाच असतो तर कुणी विश्वास ठेवला नसता. ओढ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पांढरंच पांढरं. कळंबकडून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली, खाली उतरला आणि म्हणाला, "रातीत बर्फ पडला का काय?" माणसं, बाया, दोन्ही आळ्यांची म्हातारी मंडळी, सगळे वाकून अळ्या उचलताहेत आणि पिळताहेत. पंचेचाळीस बाटल्या, आठ बरण्या, एक हंडी. सगळ्यांची चव घेऊन निकाल द्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण आग लावली मीच. चाळीसेक घोट घेतले. पुढचे चार दिवस माझे दात असे आंबले होते की केळं चावताना अंग शहारायचं. निकाल मी दोन्ही आळ्यांना वेगवेगळा सांगितला आणि दोन्ही आळ्या अजून त्या निकालावर खूष आहेत.

एका मलमलीवर बिबट्याच्या पायाचा पंजा उमटला होता. तो रात्री आला असणार, आंब चाखली असणार आणि उसाकडं परत गेला असणार. शेठ म्हणतो ते कुत्र्याचं पाऊल होतं. कापडातला माणूस आहे, त्याला पायातलं काय कळतं?

दुपारी ऊन चढेपर्यंत आम्ही नावेची एकूणएक फळी आंबेनं धुतली. गावातली दहा माणसं पिकअपमध्ये बसून आली होती, ती आलटून पालटून पाणी ओतत होती. धुऊन, पुसून, वाळून फळ्या उभ्या राहिल्या तेव्हा सगळी नाव एका रंगाची होती. आणि मी शपथेवर सांगतो, भीमाशंकरच्या डोंगरावरून कुणी खाली बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं पाण्यात सूर्य पडलाय.

रविवारी काकू आल्या. पांढऱ्या साडीवर नारिंगी लाइफजॅकेट चढवताना म्हणाल्या, "हे घालून बुडलं तरी लोक म्हणतील, म्हातारी छान दिसत व्हती." आमची मंडळी त्यांचा हात धरून नावेत चढली. मी इंजिनाशी. इंजिनाखाली मी पत्र्याचा ट्रे ठेवला होता आणि ट्रेखाली आणखी एक.

काकूंनी चष्मा पुसला आणि वाकून फळ्या बघायला लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत.  शेठनं कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं.

"कुठं व्हता डाग?" काकूंनी विचारलं.

"इथं," मी बोट दाखवलं.

"इथं कुठं, तिथं व्हता," शेठ म्हणाला.

"शेठ, मी सांडलंय, मला ठाऊक."

"मी मोजलाय."

काकूंनी आम्हा दोघांच्या बोटांकडं बघितलं. दोन्ही बोटं दोन वेगळ्या फळ्यांवर होती, मध्ये चार हात अंतर.  मग त्या आम्हाला सोडून तिसऱ्याच ठिकाणी गेल्या, मागच्या बाजूला, आणि खाली बसून तळहात फळीवर ठेवला.

"हे बघ," त्या म्हणाल्या.

तिथं फळीला उथळ खोलगा होता. चाळीस वर्षं काळपटाखाली तो कुणाला दिसला नव्हता. आता उजळ लाकडात त्याची कड स्पष्ट दिसत होती, ताटाएवढी, गुळगुळीत, जरा डावीकडं कललेली.

"इथं बसायचे ते," काकू म्हणाल्या. "गादी अडीच इंच जाड, तरी फळीला माणूस कळला. डाव्या मांडीवर रेलून बसायचे. उजव्या हातानं कापड फाडायचे ना."

शेठ तिथं बघत राहिला. मग खाली बसला आणि हात खोलग्यात ठेवला. तो काय बोलला ते मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि इंजिन तेव्हा बंद होतं.

मी इंजिन चालू केलं. पाण्याच्या मध्यावर गेलो तेव्हा काकूंनी हात वर केला. उजवीकडच्या टेकाडाचं नाक आणि समोरची खिंड त्या डोळे बारीक करून जुळवत होत्या. "जरा पुढं. अजून. हां, थांबव. इथं दुकान. दार उगवतीला. समोर पानवाला, त्याच्या पल्याड आमचा देऊळवाडा." खाली हिरवं पाणी होतं. काकू त्या खोलग्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या. खोलग्यात नाही, शेजारी. शेठला दुसऱ्या बाजूला बसवलं. आमची मंडळी आणि मी समोर, गिऱ्हाईक बसतात तसे. काकूंनी डोळे मिटून हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. वारा नव्हता. नाव जागच्या जागी अशी उभी होती जशी ती पाण्यावर नव्हे, खालच्या भिंतींवरच टेकली आहे.

मग काकूंनी डोळे उघडले आणि माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता परत चला म्हणणार.

"मिस्त्री, ही नाव एवढीच चालती का?"

"का हो, काकू?"

"तीस वरसं तू सगळ्यांना सांगतोस, तू बसवलेलं इंजिन रेल्वेला मागं टाकतं. बघू दे की."

"बाई," शेठ म्हणाला, "वय बघ."

"तू गप बस. दुकानात आहेस."

मी थ्रॉटल पूर्ण दाबलं. नाव पुढचं तोंड वर उचलून अशी सुटली की काकूंच्या साडीचा पदर सरळ मागं उभा राहिला, आमची मंडळी शेठच्या बाहीला लटकली, आणि दोन्ही बाजूंनी उडालेलं पाणी, मी शपथ घेतो, कळंबच्या पुलापर्यंत दिसलं. काकू खोलग्याच्या शेजारून हलल्या नाहीत. एक तळहात फळीवर दाबून, दुसरा हात हवेत, त्या ओरडत होत्या, "अजून. अजून जोरात."